बॅटरी सिस्टर

मागल्या महिन्यात परभणीला एका कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. मी तिथं भोंग्यावर होतो. माइकवर बोलायचं, हाच माझा धंदा हाय. टुरिंग टॉकीज असू द्या, कुस्त्या असू द्या, कुणाचं हरवलेलं लेकरू असू द्या, परभणीपासून पूर्णेपर्यंत जिथं भोंगा तिथं मी.

तर एका टेबलापाशी इंजिनियरिंगचं एक पोरगं लाकडी डब्बा घेऊन उभं होतं. डब्ब्याला दोन वायरी, वायरीच्या टोकाला वाटीएवढं कायतरी. पोरगं पुण्याला शिकायला होतं, भाषा एकदम इस्तरी केलेली. "हे यंत्र डोक्याला लावलं, की मेंदूला मार बसला आहे की नाही ते जागच्या जागी समजेल. खेड्यात, शेतात, रस्त्यावर, कुठेही!"

गर्दी वा वा म्हनली. मी माझं डोस्कं पुढं केलं. "लाव."

लावलं. तेवढ्यात लाईट गेली.

"अजून सुधारणा चालू आहे," पोरगं म्हनलं.

"चालू दे बाबा," मी म्हनलं. "चांगलं काम हाय. पर एक सांगतो, आमच्या गावात हे मशीन चांगलं बारा-तेरा वरसं होतं. लाईट गेली तरी चालायचं. पांढरं पातळ नेसायचं आन् रोज सकाळी मिसरी लावायचं."

पोरगं हसलं. त्याला वाटलं मी मजाक करायलोय. माझ्या तोंडाकडं बघून सगळ्यांनाच तसं वाटतं, त्यात त्याची काय चूक. पर मी जन्मात ज्या चार-दोन गोष्टी मजाक न करता बोललो, त्यातली ही एक.

सगुणा सिस्टर आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आमचं गाव पिंगळी टेसनापासून सायकलनं अर्धा घंटा. दवाखान्याला डॉक्टर होते, पर ते परभणीला राहायचे आन् गावाला पाहुण्यासारखे यायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरवर. बाळंतपण, हगवण, इंचू, सगळं त्याच बघायच्या. पर गाव त्यांना वळखायचं ते डोस्क्याच्या मारावरून. कुणी माडीवरून पडलं, कुणाला बैलानं उडवलं, की पयला आवाज, "बॅटरी सिस्टरला बलवा!"

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हनतात. सिस्टरपाशी दोन सेलची पितळी बॅटरी होती, कायम काखेत. सेल उतरले की त्या दवाखान्याच्या पत्र्यावर उन्हात घालायच्या, शेजारी कुणाच्या तरी कुरडया वाळायल्यात. "ऊन खाऊन येतेत सेल," म्हनायच्या. कमरेला चंची. दुसऱ्याच्या चंचीत पान-सुपारी असती. हिच्यात पांढऱ्या मांजरपाटाचे तुकडे, एक शिसपेन्सील आन् दवाखान्याच्या कपाटाची लांबडी चावी. झालं मशीन.

बॅटरी डोळ्यात मारायची. दोन्ही बाहुल्या सारख्याच बारीक झाल्या तर ठीक. एक मोठी राहिली की सिस्टरचं तोंड बारीक. चावी तळपायावर टाचेपासून वर वढायची. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळाला पायजे. वर गेला तर आत बिघाड. आन् कानातून रगत आलं तर मांजरपाटावर एक थेंब घ्यायचा. नुसता लाल डाग पडला तर पट्टी बांधा. लालाच्या भवताली पाण्याचं कडं उमटलं, की डोस्क्यातलं पाणी गळायलंय, गाडी काढा.

"फुटलेलं डोस्कं माझ्याकडं आणू नका," त्या म्हनायच्या. "ते कंपाउंडर शिवतो. न फुटलेलं आणा."

ह्या सगळ्याच्या वर तीन प्रश्न. नाव काय? वार कोणता? हितं कुणी आणलं?

"नाव तर माणूस शेवटपत्तुर सोडत न्हाई," सिस्टर सांगायच्या. "वाराला अर्धे पडतेत. आन् हितं कुणी आणलं, हे ज्याला सांगता आलं, त्याचं मीटर चालू हाय." मग तीन-चार बोटं नाचवून, "किती?" एवढं झालं की सुट्टी.

मी गावातल्या सगळ्याच्या नकला करायचो. हेडमास्तर, सरपंच, पिंगळीचा टेसनमास्तर, कोणी सुटला न्हाई. सिस्टरची नक्कल तर माझी खास. एकदा हॉटेलात ती ऐन रंगात आली असताना मागून आवाज आला, "चुकलास."

सिस्टर! चहाची किटली भरून न्यायला आलेल्या. मी उठून पळायच्या बेतात. त्यांनी खांद्याला धरून बसवलं.

"नाव काय, वार कोणता, असं भरभर म्हनतोस तू. मी वाराच्या आधी थांबते. म्हन बरं परत."

मी म्हनलं. हॉटेल हसायलं.

"अजून थांब. त्या थांबण्यातच तर बघायचं असतं, त्याचे डोळे कुठं जातेत ते. निस्ता आवाज काढून काय व्हतंय रे बाबा?"

माझ्या धंद्यातली शिकवणी मला एवढ्या मोजक्या शब्दात कुणीच दिली न्हाई. जाता जाता त्यांनी बोटं धरली. "किती?"

"सतरा," मी म्हनलं.

त्या हसल्या न्हाईत. "कशातबी मजाक कर. ह्या एका उत्तरात करायचा न्हाई."

मी पुढंबी केला. सतरा, बावीस, "चष्मा आणून देतो सिस्टर". त्या दर टायमाला तेच सांगायच्या.

पयलं प्रश्न चार होते म्हने. चौथा शिकलेल्या माणसासाठी: आपल्या विद्यापीठाचं नाव काय? मग नामांतराचं सुरू झालं. एक मास्तर सायकलवरून डोस्क्यावर पडले. सिस्टरनं चौथा प्रश्न टाकला. मास्तरांनी एक नाव सांगितलं, त्यांना धरून आणणाऱ्यानं दुसरं, आन् दोघाची तिथंच जुंपली. मास्तर जखमी असून वरचढ! सिस्टरनं त्या दिवसापासून तो प्रश्न बंद केला. "शुद्धीतल्याचंच उत्तर जुळत न्हाई, बेशुद्धाला कशाला तरास?"

हे हसण्यावारी सांगतो, पर त्या दिवसात डोस्की खरंच लय फुटली. वस्तीतलीच जास्ती. गावातले काही लोक दवाखान्याच्या दारात उभं राहून बघायचे, कुणाकुणाला आत घेतेत ते. सिस्टरनं सगळ्यांना आत घेतलं. नाव इच्यारलं ते निस्तं नाव. आडनाव मी त्यांना कधी इच्यारताना ऐकलं न्हाई.

बायांना नवऱ्याचं नाव इच्यारायची त्यांची तऱ्हा येगळी. बाई लाजून गप बसली तर ठीक हाय. सटकन सांगितलं तर बॅटरी काढा.

आन् किशननानाचा किस्सा तर सगळ्या गावाला पाठ हाय. नाना म्हनजे निजामाच्या वक्ताचे तहसिलीतले कारकून. पेन्शनीत गेले तरी अंगात शेरवानी, बोलण्यात कचेरी. उन्हाळ्यात बारवेच्या पायऱ्यांवरून घसरले आन् डोस्क्याला टेंगूळ आलं. त्या दिवशी नेमका दवाखान्यात बदलीवरचा नवा डॉक्टर होता. ताजा ताजा पास झालेला.

"बाबा, सन कोणता चालू आहे?"

"तेराशे ब्याण्णव," नाना म्हनले.

डॉक्टरनं कागदावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. "महिना?"

"खुर्दाद."

"सिस्टर, ह्यांना ताबडतोब परभणीला पाठवा. मेंदूवर परिणाम झाला आहे."

सिस्टर बोटावर काहीतरी मोजायल्या होत्या. "साहेब, तेराशे ब्याण्णवात पाचशे एक्याण्णव मिळवा."

डॉक्टरनं मिळवले. एकोणीसशे त्र्याऐंशी. बराबर!

"फसली सन हाय त्यो, निजामाच्या कचेरीतला. खुर्दाद म्हनजे हेच, एप्रिल. माझा बाप चुडाव्याला दफ्तरात होता, घरात दुसरा महिनाच न्हवता आमच्या." मग बोटं धरली. "नाना, किती?"

"तीन," नाना म्हनले, आन् डॉक्टरकडं बघून, "ह्या साहेबाला कुणी आणलं हितं?"

आता तुमाला वाटल बाई जन्मताच अशी हुशार. तसं न्हवतं. मी एकदाच इच्यारलं होतं, सिस्टर, तीनच प्रश्न कामून? त्या सेल पत्र्यावरून खाली घ्यायल्या होत्या. म्हनल्या, पयल्या नोकरीच्या गावात एक माणूस कडब्याच्या गाडीवरून पडला होता. जखम धुतली, पट्टी केली. चालत घरी गेला. भाकर खाल्ली, निजला. सकाळी त्याची बायको आली ती पट्टी परत घेऊन.

"नाव इच्यारलं होतं मी त्याला," सिस्टर म्हनल्या. "वार न्हाई इच्यारला."

मी सेल पुसून दिले.

पर एकदा त्यांची बॅटरीबी फसली, तेबी सांगितलं पायजे. गावातल्या एका मालदार घरचा जवाई मोटारसायकलवरून पुलापाशी पडला. बोलणं जड, पाय लटपट, नावाला सुद्धा इचार करायला. तोंडात येलदोडे भरलेले, त्यामुळं वास काय आला न्हाई. डॉक्टर जागेवर न्हवते. सिस्टरनं आपल्याच सहीनं चिठ्ठी लिहिली आन् दवाखान्याच्या जीपमध्ये घालून परभणीला पाठवला. तिथं त्याला झोप लागली, झोपेतून उठला आन् चकणा मागितला. निस्ती दारू! सगळ्या परभणीत बभ्रा. सासऱ्याची इज्जत गेली. सासऱ्यानं अर्ज ठोकला.

मेमो आला. मी तो कागद वाचलाय, आवाज काढून म्हनून दाखवू शकतो. "वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीविना यापुढे एकही रुग्ण पाठविल्यास आपली बदली दुर्गम केंद्रात करण्यात येईल, याची नोंद घ्यावी." दुर्गम म्हनजे जिंतूरच्या पल्याड, डोंगरात.

तुमी म्हनाल बदलीला काय भ्यायचं. तर चुडाव्याला सिस्टरची म्हातारी माय होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नवरा लवकर वारलेला, भाऊ न्हाई, भैन न्हाई. शेजारीण आठवडाभर मायला भाकर द्यायची. दर शनवारी सिस्टर पिंगळीहून पॅसेंजरनं चुडाव्याला जायच्या आन् सोमवारी येरवाळीच, दवाखाना उघडायच्या आत, परत. मायची आंघोळ, डोक्याला तेल, आठवड्याचं दळण, सगळं त्या दीड दिवसात. जिंतूरच्या डोंगरात रेल्वे न्हाई. तिकडं बदली म्हनजे मायचा शनवार गेला.

दुसरी कोणी असती तर बॅटरी पेटीत ठेवली असती. सिस्टरनं काय केलं? देशी दारूच्या दुकानासमोर शिंप्याचा ओटा हाय. दवाखाना सुटला की रोज दिवसाउजेडी त्या ओट्यावर जाऊन बसायच्या. दुकानातून माणूस बाहेर आला की, "ऐ बाबा, इकडं ये. डोळे दाखव. चल बरं त्या खांबापत्तुर."

गावात बोंब झाली. बाया म्हनायल्या, बाईचं आता काही खरं न्हाई. पिणाऱ्यांना मात्र लय कौतुक. जन्मात कुणी त्यांची तब्येत इच्यारली न्हवती! "सिस्टर, आज माझी बघा की," म्हनून रांगेत उभं राहायले. मी शिंप्यापाशी बसून हे सगळं बघायचो, घरी जाऊन नक्कल करायचो. दीड महिना चाललं. मग एक दिवस उठल्या, पातळ झटकलं आन् शिंप्याला म्हनल्या, "झाली माझी शाळा."

"काय शिकलाव?" शिंप्यानं इच्यारलं.

"दारू पिलेल्याच्या बाहुल्या दोन्ही सारख्या. आन् दारू दोन्ही पायात जाती. बोलणं ढिलं व्हतं, पर शिवी स्वच्छ येती."

आमी हसून लोळलो. त्या वाक्याची किंमत मला वरीसभरानं कळली.

बाळू माझा जोडीदार. त्याच्या बापाचं ते चहाचं हॉटेल, जिथं सिस्टरनं मला पकडलं होतं. माय तो तीन वरसाचा असतानाच गेलेली. शाळा सुटून आमाला दोन-तीन वरसं झाली होती, तरी शाळेच्या गॅदरिंगला आमचा आयटम पायजेच. मी हवालदार, बाळू दारुडा. गॅदरिंग दुपारचं असायचं, कारण संध्याकाळी लाईटचा भरवसा न्हाई. सभापती पाव्हणे म्हनून आले होते, जीप घेऊन.

सकाळी मांडव घालताना एक लाकडी बल्ली निसटली आन् बाळूच्या उजव्या कानशिलावर बसली. बाळू खाली. आमी पाणी मारलं. चार श्वासात उठून बसला. रगत न्हाई, काही न्हाई. "कोण मारलं रे?" म्हनून हसला, चार भजे खाल्ले.

कुणीतरी म्हनलं, सिस्टरला दाखवू. मी म्हनलं, "नका सांगू. त्या दिवसभर वार इच्यारत बसतेन, आन् आयटम बुडल."

मी म्हनलं. दुसरं कुणी न्हाई.

दुपारी आमचा नंबर आला. मी एका हातात डंडुका, दुसऱ्या हातात माइक घेऊन स्टेजवर. पलीकडून बाळू. आन् काय सांगू, आला तो असा आला, की पयल्या पावलालाच मांडव फुटला. जीभ जड, शब्द एकमेकात अडकलेले, डावा पाय मातीत वढत वढत. मला सलाम करायला गेला तर डावा हात अर्ध्यातच पडला. लोक खुर्च्यावरून खाली यायचे राहिले. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ह्यानं घरी चोरून तालीम केली. मला मागं टाकायलाय लेकाचा. मी जळलो.

एकच वाक्य त्यानं तीन बार म्हनलं. लोक तिन्ही बार हसले.

बायांच्या बाजूनं एक पांढरं पातळ उभं राहिलं. सिस्टर सरळ स्टेजवर चढल्या. लोकांना वाटलं हेबी नाटकातच हाय. शिट्ट्या! "आली, बॅटरी आली!"

सिस्टरनं बाळूला फळीवर बसवलं, हनुवटी धरली, बॅटरी मारली. डावा डोळा. उजवा डोळा. परत उजवा. चंचीतून चावी काढली, डाव्या पायाची चप्पल काढून तळव्यावर वढली. लोक गुदगुल्या, गुदगुल्या म्हनून वरडायले. मी वाकून बघितलं. अंगठा वर गेला.

"बाळ्या, नाव काय?"

"बा...ळू."

सिस्टर थांबल्या. मला शिकवलं होतं तेवढंच.

"वार कोणता?"

"पोळा."

मांडव कोसळला हसून. बाहेर माघ महिना.

"हितं कुणी आणलं रे तुला?"

बाळूनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं कुठंतरी. तोंडभर हसला आन् म्हनला, "आईनं."

पुढच्या रांगेतलं हसू पयलं थांबलं. मग त्याच्या मागलं. पार मागच्या पोरांना कळायला टाइम लागला, ती तशीच हसायली होती.

"कव्हा लागलं?" सिस्टरनं मला इच्यारलं, बाळूवरची नजर न काढता.

"सकाळी. धाला. बल्ली."

त्यांनी मला शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या हातातला माइक घेतला आन् म्हनल्या, "सभापती साहेब, दवाखान्याची जीप परभणीला हाय. तुमची पायजे. आता."

सभापती उठून उभे. "देऊ की, देऊ. एवढा कार्यक्रम..."

"कार्यक्रमाच्या आधी हा संपल."

हेडमास्तर धावत आले, माइकवर हात ठेवून हळूच म्हनले, "सिस्टर, जरा विचार करा. तो नाटकात पिलेला आहे, कदाचित खरंच पिला असेल. तुमच्यावर आधीच मेमो आहे. डॉक्टरांची सही नाही. ह्या खेपेला ते ऐकायचे नाहीत."

"म्हाईत हाय," सिस्टर म्हनल्या. "दारू दोन्ही पायात जाती, सर. ह्याच्या एकाच पायात गेली."

हात ठेवला तरी माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. दुकानासमोरची गिऱ्हाइकं मागं उभी होती, त्यातला एक वरडला, "सिस्टर बराबर हायत! आमी गवाह हाव!"

जीप निघाली. बाळूचं डोस्कं सिस्टरच्या मांडीवर, बाजूला त्याचा बाप, मागं मी हवालदाराच्या कपड्यात. जीप हादरायली तरी सिस्टरनं चिठ्ठी लिहिली. सही करताना पेन्सील थांबली. एवढंच. मग त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली ठळक अक्षरात "नर्स".

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघताच बाळूला पुढं नांदेडला घालवलं. सिस्टर परभणीहून परतल्या, दवाखान्यात एक बाळंतीण होती. नांदेडला बाळूचं डोस्कं उघडलं. तिथले मोठे डॉक्टर बाहेर आले ते चिठ्ठी हातात घेऊनच. "ही कोणी लिहिली?"

मी बघितली. 'सकाळी दहा, उजव्या कानशिलावर बल्ली. थोडा वेळ बेशुद्ध, मग बरा. दुपारी अडीचला बोलणं जड. उजवी बाहुली मोठी. डावा हात, डावा पाय कमी. दारू नाही.' दारू नाही, ह्याच्या खाली दोन रेघा.

"आमच्या सिस्टरनं," मी म्हनलं. हवालदाराच्या कपड्यात मी पयल्यांदाच ताठ उभा राहिलो असल.

"हिनं अजून अर्धा तास वाट पाहिली असती, तर माझ्यासाठी काही काम उरलं नसतं," ते म्हनले.

तिसऱ्या दिवशी बाळूचे डोळे मिटलेलेच. तिथल्या नर्सा इच्यारायच्या, "तुमचं नाव सांगा, तुमचं नाव." हा हूं न्हाई की चूं न्हाई. मग मी जवळ गेलो आन् सिस्टरचा आवाज काढला. "बाळ्या, नाव काय?" थांबलो. नीट थांबलो. "वार कोणता?"

बाळूनं एक डोळा उघडला. "सिस्टर, निजू द्या की."

त्याचा बाप आन् मी तिथंच बसून रडलो.

गावात मात्र सगळे दुसऱ्या कागदाची वाट बघायले. डॉक्टर परभणीहून आले. सिस्टर पुढं जाऊन उभ्या राहिल्या, "सही माझी हाय साहेब." डॉक्टर खुर्चीत बसले, चिठ्ठ्यांचं एक कोरं पॅड काढलं आन् पयल्या पानापासून शेवटापत्तुर, प्रत्येक पानाच्या खाली सही करत गेले. तास गेला. सगळं पॅड सिस्टरच्या हातात दिलं. "वर काय लिहायचं ते तुम्हाला कळतं," म्हनले आन् परभणीला गेले. हे कायद्यात बसत न्हाई, मला म्हाईत हाय. म्हनून तर त्यांचं नाव सांगत न्हाई. जुना मेमो काही कुणी मागं घेतला न्हाई. सरकार मागं घेत नसतं, इसरतं. सिस्टरचा शनवार मात्र कधी चुकला न्हाई.

बाळूचा डावा हात थोडा मागंच राहिला. कपबशी उजव्यानंच देतो. बोलतो सावकाश, पर इसाबाला पक्का. दारुड्याची नक्कल त्यानं परत केली न्हाई. मीबी हवालदार केला न्हाई. आन् सिस्टरनं बोटं धरली की मी सरळ उत्तर द्यायला लागलो. पयल्यांदा "चार" म्हनलं, तर त्यांनीच माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप-बीप हाय का.

प्रदर्शनातल्या त्या पोरानं शेवटी मला इच्यारलं, "काका, मग ते मशीन आता कुठे आहे?" मी अजून तिशीचाबी न्हाई, पर असो. मी म्हनलं, रिटायर झालं. चुडाव्याला हाय.

रिटायर झाल्या त्या शनवारी सगळं गाव पिंगळी टेसनावर आलं होतं. वस्तीतले, गावातले, दुकानासमोरचे. किशननाना शेरवानी घालून. मी बाळूला सायकलवर डबलशीट नेलं होतं. सिस्टरचं सामान म्हनजे एक पत्र्याची पेटी, काखेत बॅटरी. माय अजून होती, आता रोजच शनवार.

पॅसेंजर आली. सिस्टर खिडकीत बसल्या. लोक रडायले तर म्हनल्या, "उगं का रडायलाव? कुणाच्या डोस्क्याला लागलंय का?" मग गजातून बाळूकडं बघितलं.

"नाव काय?"

"बाळू."

थांबल्या. "वार कोणता?"

"शनवार."

"हितं कुणी आणलं तुला?"

मी त्याला कोपरानं ढोसलं. म्हनलं, बाबा, "तुमीच आणलं" म्हन. सगळं गाव ऐकायलंय, असा मौका परत यायचा न्हाई.

बाळूनं माझ्याकडं बघितलं, लिंबाला टेकवलेल्या सायकलीकडं बघितलं, इचार केला. "ह्यानं. सायकलवर. कॅरेज लय टोचायलंय."

सिस्टर हसल्या. एवढ्या वरसात मी त्यांना असं हसताना बघितलं न्हवतं. "बराबर हाय," म्हनल्या, "बराबर हाय!"

गाडी हालली. पार टोकाला गेल्यावर खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आन् हालायला लागला. लोक हात हालवायले. बाळूनं मात्र डावा हात सावकाश वर नेऊन उन्हाची आड केली, डोळे बारीक केले, आन् सगळ्या टेसनाला ऐकू जाईल असं वरडला,

"पाच!"

मीबी मोजली. पाचच होती.